चौदा वर्षांच्या मुक्ताचा निबंध आणि आपल्या मुलांचा मोर

मराठी शाळेतल्या चौथी-पाचवीच्या कुठल्याही वर्गात जा आणि ‘माझा आवडता पक्षी’ लिहायला सांगा. बहुतेक वह्यांमधून मोरच निघेल. मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे, त्याचा पिसारा सुंदर असतो, ढग आले की तो नाचतो, म्हणून मला मोर खूप आवडतो. मोर प्रत्यक्ष कोणी पाहिलाय असं विचारलं की वर्ग गप्प. कावळा, चिमणी, कोंबडी रोज दारात असतात, पण त्यांचा निबंध फळ्यावर लिहून दिलेला नसतो ना!

आता त्या मोराच्या निबंधातली कुठलीही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी ठेवून बघा. काही बिघडत नाही. एखादं वाक्य खोडून टाका, कोणाला कळणारही नाही. माझी तक्रार इथे आहे. अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, ही दुखणी नंतर बरी होतात. पण एकामागून एक ठेवलेल्या दहा वाक्यांत आधीच्याचा पुढच्याशी काही संबंध असावा लागतो, हेच मुलाला कोणी दाखवलेलं नसतं. आपण त्याला ‘पॅरा पाडून लिही’ म्हणतो, म्हणजे दर पाच ओळींनी बोटभर जागा सोड. पोरगं सोडतं.

हे असं का झालं ते बघायला थोडं मागे जावं लागेल.

लिहिण्याची आपली परंपरा जुनी, पण परिच्छेद तसा अलीकडचा. पेशवाईतलं मोडी पत्र पाहिलंय का कधी? आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची, शक्यतो हात न उचलता. शब्द संपला म्हणून जागा नाही, वाक्य संपलं म्हणून खूण नाही. याचा अर्थ कारकुनांना रचना कळत नव्हती असा अजिबात नाही. पत्राचा मायना ठरलेला, ‘विनंति उपरी’ आलं की मुद्दा सुरू. आणि करारमदाराचा, महसुलाचा मामला असला की कलमं पाडलेली. एका कलमात एकच बाब. माझ्या मते मराठीतला पहिला परिच्छेद म्हणजे हे कलम. पण ती विद्या दफ्तरातली होती. बापाकडून पोराकडे, कारकुनाकडून उमेदवाराकडे जाणारी. ज्याचा दफ्तराशी संबंध नाही त्याच्यापर्यंत ती पोचायचं कारणच नव्हतं.

पंतोजींच्या शाळेत काय चालायचं? धूळपाटीवर अक्षरं गिरवणं, पाढे, पावकी, निमकी, पुढे मोडी वाचन आणि ठरावीक पत्रांचा कित्ता. स्वतःच्या मनातलं चार ओळीत मांड, असं कोणी पोराला सांगत नव्हतं. समर्थांनी दासबोधाच्या १९ व्या दशकात लेखनक्रियेवर आख्खा समास घातलाय. अक्षर वाटोळं हवं, सुटं हवं, ओळी सरळ हव्यात, कडेला जागा हवी, पोथीच्या सुरुवातीला जसं अक्षर तसंच शेवटीही हवं. पोथी नकलून घेणाऱ्याला याहून चांगला सल्ला मिळणार नाही. गंमत अशी की आजही आपण ‘चांगलं लिहितो’ म्हणतो तेव्हा बरेचदा अक्षराबद्दलच बोलत असतो.

मग छापखाना आला. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. त्याची मांडणी आठवा: पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ, एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. इंग्रजी मजकूर जिथे थांबतो तिथे शेजारचं मराठीही थांबतं, हे वाचकाला डोळ्यांनी दिसत होतं. पुढे सरकारी भाषांतरकार मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली आणि पूर्णविराम, स्वल्पविराम वगैरे मंडळी मराठीत रुळू लागली. त्याच सुमारास, १८४८ ते १८५० या काळात, गोपाळ हरी देशमुख ‘लोकहितवादी’ या नावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रं लिहीत होते. शंभरावर पत्रं, एका पत्राला एक विषय. वर्तमानपत्रात जागा मोजून मिळते, त्यामुळे पाल्हाळ लावता येत नाही. मराठी गद्याला शिस्त लागली ती अशी, व्याकरणाच्या पुस्तकांपेक्षा जास्त वर्तमानपत्राच्या कॉलमातून.

इथपर्यंत सगळी नावं शिकलेल्या, बहुतेक उच्चवर्णीय पुरुषांची आणि एका साहेबाची. आता १८५५ मध्ये या.

त्या वर्षी १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने एक निबंध छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. लिहिणारी मुक्ता साळवे, मातंग समाजातली, वय अंदाजे १४, पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली. हा निबंध आपण आज जयंती-पुण्यतिथीला आठवतो, त्यातलं एखादं जळजळीत वाक्य फोटोवर टाकून फिरवतो. पूर्ण निबंध मात्र फार थोडे लोक वाचतात. वाचा. आणि त्यातला संताप बाजूला ठेवून (कठीण आहे, तरी) फक्त त्याची रचना बघा.

ती सुरुवात रडगाण्याने करत नाही. समोरच्याचा दावा उचलते: ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, दुसऱ्याने बघायचेही नाहीत. बरं, मानलं. मग आम्हाला धर्मग्रंथ नाही. ग्रंथ नाही म्हणजे धर्मही नाही. तर मग देवा, आमचा धर्म कुठला ते तूच सांग. तीन पायऱ्या, आणि तिसऱ्या पायरीवर समोरचा शास्त्री स्वतःच्याच वाक्यात अडकलेला. यात कुठेही वाक्यांची अदलाबदल करून बघा, सगळं कोसळतं.

मग ती दाखल्यांकडे येते. इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून माणसं पुरली. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यावरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू करून खेळ चालायचा. हे दाखले नुसते भयंकर म्हणून ठेवलेले नाहीत. त्यांच्यावरून ती पुढची पायरी चढते: जिथे दारावरून जायची ही शिक्षा, तिथे विद्या शिकायची मोकळीक कुठून मिळणार? आणि मग लगेच, कोणी वाचायला शिकलाच तर बाजीराव काय म्हणायचा, ते सांगते. म्हणजे देहावरचा जुलूम आणि अक्षराची बंदी हे दोन वेगळे विषय ती एका वाक्याने जोडते. हा सांधा बघा. आपल्या मुलांच्या वहीत ‘तसेच’ आणि ‘त्याचप्रमाणे’ हेच दोन सांधे असतात.

पुढे ती आजच्या गोष्टींकडे येते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नाही, पाऊस आणि थंडी. औषधाला पैसा नाही. ब्राह्मणांच्या पोरांनी दगड मारून डोकं फोडलं तरी आमची मुलं तक्रार करत नाहीत, कारण त्यांच्याच दारात उष्टं मागायला जायचं असतं. हे शेवटचं तिला कुठल्या पुस्तकात मिळालं नसणार. या निबंधातली मला सगळ्यात थरारून टाकणारी जागा हीच, गुलटेकडीपेक्षाही. एक बारीक तपशील आणि त्याच्या पाठीला चिकटलेलं कारण.

आणि शेवटी ती तोंड फिरवते. इतका वेळ पंडितांशी, देवाशी बोलत होती. आता स्वतःच्या लोकांशी बोलते. तुम्ही आजारी आहात, विद्या हे औषध आहे, शिका. कोणाशी बोलतोय ते बदललं की मजकुराचा भाग बदलतो, हे चौदा वर्षांच्या पोरीला नेमकं कळलेलं आहे. निबंधात इंग्रज राज्याची तारीफही आहे, ती आज काहींना खटकते. ज्या घरातून ती लिहीत होती तिथून तिला काय दिसत होतं, त्याचा विचार करून मग खटकून घ्यावी.

बरं, तिच्या हाताशी ‘प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप’ असा साचा होता का? आपल्याला आज वाटतं की आधी साचा शिकवायचा आणि मग त्यात विचार ओतायचा. मुक्ताच्या निबंधात मला उलटं दिसतं. तिला काही पटवायचं होतं, ऐकणारा मानणार नाही हे माहीत होतं, म्हणून एकेक दार बंद करत जावं लागलं. रचना त्यातून आली. शाळेने तिला अक्षर दिलं, आणि तुझ्या म्हणण्याला किंमत आहे ही खात्री दिली. जोतिरावांच्या याच कामासाठी सरकारने १८५२ साली विश्रामबागवाड्यात त्यांचा सत्कार केला होता, आणि तो कोणाच्या हस्ते? विरामचिन्हांवर पुस्तक लिहिणाऱ्या त्याच मेजर कँडींच्या. पुणे तेव्हा लहान होतं.

एकोणीस वर्षांनी, १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. सात वर्षांत ८४ अंक. ‘निबंध’ हा शब्द मराठी शिकलेल्या माणसाच्या तोंडी बसला तो या मालेमुळे. शास्त्रीबुवांची भाषा धबधब्यासारखी, आणि ते बांधणीतही कच्चे नव्हते. पण याच मालेत त्यांनी जोतिरावांच्या लिखाणावर जी झोड उठवली, तिच्यात व्याकरणाच्या चुकांची टिंगल भरपूर आहे. काय म्हणतोय यापेक्षा कसं शुद्ध-अशुद्ध म्हणतोय, यावर माणसाला उडवून लावायची ही सवय आपल्या शिक्षणात पुरती मुरली. लाल शाई आधी वेलांटीवर उठते. मराठीच्या शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४. त्यात परिच्छेदाबद्दल एकही नाही. शुद्धलेखनाच्या नियमांकडून ती अपेक्षाही नाही म्हणा. पण पेपर तपासताना त्या १८ नियमांचे गुण कापणं सोपं, आणि विचाराची पायरी चुकली हे दाखवायला मात्र मास्तरला निबंध नीट वाचावा लागतो. साठ-सत्तर वह्यांचा गठ्ठा समोर असताना कोण वाचणार?

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतिरावांनी प्राथमिक शाळांचं दुखणं सांगितलं होतं. बहुतेक शिक्षक ब्राह्मण, पगार तुटपुंजे, पुस्तकं जुनाट, आणि शेतकऱ्याच्या पोराला जगायला लागेल असं फारसं काही नाही. त्यांना मोडी आणि बालबोध दोन्ही लिहिता-वाचता यायला हवं होतं, कारण सावकाराचा कागद मोडीत असायचा. लिहिणं म्हणजे शोभा नव्हे, फसवणूक थांबवायचं साधन, हा त्यांचा हिशेब सरळ होता.

शाळांनी मात्र निबंधमालेचं फर्निचर उचललं आणि घर तिथेच सोडलं. अलंकारिक सुरुवात, मध्ये एखादा अभंग, शेवटी सुविचार. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’. यात कल्पनेला वाव असतो, मान्य. पण पोराला कोणाला काही पटवायचं नसतं आणि समोर ऐकणाराही कोणी नसतो. ‘मुद्द्यांवरून गोष्ट’ तर आणखी मजेशीर: म्हातारा — चार मुलं — भांडण — काठ्यांची मोळी — तात्पर्य. गोष्टीचा क्रम, म्हणजे अवघड काम, पेपर काढणाऱ्याने आधीच केलेलं. मुलाने मधल्या रेघा भरायच्या.

आता कृतिपत्रिका आलीय. तिच्यात ‘स्वमत’ नावाचा प्रश्न आहे आणि माझ्या मते अलीकडच्या बदलांतला तो चांगला बदल. पण बाजारात गाईड उघडून बघा, तयार स्वमत छापलेलं असतं. स्वतःचं मत, पाठ करायला! बाकीच्या पेपरात चौकटी पूर्ण करा, आकृती पूर्ण करा. दोन शब्द टाकले की गुण. ‘असर’च्या पाहणीत मुलाला पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचता येतो का ते बघतात, आणि दरवर्षी त्या आकड्यांवर चर्चा होते, व्हायलाच हवी. परिच्छेद लिहिता येतो का, हा प्रश्न त्या चर्चेत कधी येतच नाही.

सगळीकडे असंच आहे असंही नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तिथे मुलांच्या स्वतःच्या अनुभवाला आणि अभिव्यक्तीला मोठी जागा होती. अशी बेटं आहेत. बेटंच आहेत, ही अडचण.

आता म्हणाल, याचा सार्वजनिक प्रश्नांशी काय संबंध? तर हा बघा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती केली: अर्ज एकाच विषयाचा हवा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. कार्यकर्त्यांनी या अटीवर टीका केली, आणि मलाही ती आडकाठीच वाटते. पण एक विषय, १५० शब्द म्हणजे काय? एक नीट बांधलेला परिच्छेद. दहा वर्षं शाळेत मराठी शिकलेल्या माणसाला हा लिहिता येत नाही म्हणून तो तहसील कचेरीबाहेर पैसे देऊन अर्ज लिहून घेतो. तिथला लेखनिक ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पासून सुरू करतो आणि माणसाची मूळ तक्रार तिसऱ्या पानावर कुठेतरी हरवते.

आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी सहावीच्या वर्गात जे केलं ते सांगतो. शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं. बाईंनी निबंध लिहा असं सांगितलंच नाही. प्रत्येकाला कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि याबद्दल मनात येईल ते एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहा म्हणाल्या. मग सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या आणि मुलांना त्यांचे ढीग करायला लावले. पोरांनी स्वतःच ठरवलं: काय झालंय याचा एक, कधीपासून याचा एक, कोणाला त्रास याचा एक, आणि आम्हाला काय पाहिजे याचा एक. काही चिठ्ठ्या कुठल्याच ढिगात बसेनात. ‘आमची शाळा खूप छान आहे’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. एक मुलगा म्हणाला, बाई, हे खरंय पण इथे चालणार नाही. मला विचाराल तर त्या वाक्याला त्याला शंभरपैकी शंभर द्यायला हवेत.

मग वाद झाला क्रमावरून. मागणी आधी का त्रास आधी? एकाचं म्हणणं, साहेबांना वेळ नसतो, काय पाहिजे ते पहिल्यांदा सांगा. एक मुलगी म्हणाली, का पाहिजे ते कळलं नाही तर ते देतील कशाला? बाईंनी दोन्ही प्रकारे चिठ्ठ्या मांडून मोठ्याने वाचायला लावल्या. वर्गाने मुलीची बाजू घेतली, पण मागणी विषयाच्या ओळीत घालायची अशी तडजोड केली. ‘दुपारच्या सुट्टीत मुली घरी जातात आणि परत येत नाहीत’ ही चिठ्ठी कोणत्या ढिगात, यावर अर्धा तास गेला. काय झालंय त्यातही बसते, कोणाला त्रास त्यातही. शेवटी ती त्रासाच्या ढिगात सगळ्यात खाली ठेवली, म्हणजे तिच्या लगेच पुढे मागणी येईल.

सगळं मिळून १५० शब्दांच्या आतच बसलं. खाली वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या. ‘स्वच्छतागृह’ शब्द दोन ठिकाणी चुकला होता, बाईंनी तो पेन्सिलीने दाखवला, मुलांनी दुरुस्त केला. चार मुलं आणि बाई मिळून अर्ज ग्रामपंचायतीत द्यायला गेले. तिथल्या बाबूने तो उभ्या-उभ्या वाचला, आणि वाचून झाल्यावर विचारलं, हा कोणी लिहून दिला? मुलांना प्रश्नच कळला नाही. पोचपावती मिळाली आहे, आवक क्रमांकासकट. ती आता वर्गात फळ्याच्या बाजूला चिकटवलेली आहे. पाणी अजून आलेलं नाही. स्मरणपत्राच्या चिठ्ठ्या पुढच्या शनिवारी काढायच्या ठरल्यात.